ठेका कोणास द्यावा?

पुणे शहराच्या रस्त्यांस दोनच ऋतू ठाऊक आहेत. आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी अंदाजपत्रकातील तरतूद खर्ची पडावी म्हणून गरम डांबरी खडीचे ट्रक आणि रोलर घाईघाईने गल्लोगल्ली फिरू लागतात, तो पहिला. आणि जून-जुलैच्या चार जोरदार सरींनी त्या कामाची परीक्षा घेऊन तिचा निकाल भर रस्त्यात लावावा, तो दुसरा. निकाल काय लागतो हे पुणेकरांस सांगण्याची गरज नाही. हातच्या कंकणास आरसा कशाला? नवल एवढेच की, या परीक्षेत नापास होणारा विद्यार्थी कधी वर्गाबाहेर जात नाही. पुढील मार्चमध्ये तोच, अथवा वेगळ्या नावाने त्याचाच भाऊबंद, पुन्हा पेपर लिहावयास बसलेला दिसतो आणि परीक्षेचे शुल्क मात्र दरवेळी नागरिक भरतात.

खड्ड्यांवर विनोद करणे हा आपल्या शहराचा जुना विरंगुळा आहे. परंतु ज्या शहरात असंख्य कुटुंबांचा संसार दुचाकीवर चालतो, तेथे पावसाच्या पाण्याने भरलेला खड्डा ही विनोदाची वस्तू राहत नाही. मुलास शाळेत पोहोचविणारी माता, रात्रपाळी संपवून परतणारा कामगार, मंडईतून भाजी घेऊन निघालेला वृद्ध यांच्यापैकी कोणाच्या हातापायावर तो खड्डा उठेल हे सांगता येत नाही. सुस्थितीतील रस्ता मिळणे हा राज्यघटनेने दिलेल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्टपणे सांगितले. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने आणखी पुढे जाऊन, खड्ड्यामुळे वा उघड्या गटारामुळे मृत्यू ओढवल्यास वारसांस सहा लाख रुपये आणि दुखापत झाल्यास तिच्या मानाने पन्नास हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई द्यावी, व ती रक्कम दोषी ठेकेदार आणि अधिकारी यांच्याकडून वसूल करावी, असा आदेश दिला. आदेश स्वागतार्ह आहे. परंतु भरपाई हा शेवटचा उपाय होय. गेलेला माणूस सहा लाखांनी परत येत नाही. म्हणून ज्या क्षणी खड्ड्याचे बी पेरले जाते त्या क्षणाकडे, म्हणजे ठेकेदाराच्या निवडीकडे, नागरिकांनी लक्ष वळवावे असे आम्हांस वाटते.

रस्ता उखडला की आपण तो करणाऱ्यास दूषणे देतो. त्यास निवडणाऱ्याची आठवण फारशी कोणास होत नाही. वास्तविक कोणताही ठेकेदार आपण होऊन रस्त्यावर डांबर ओतावयास येत नाही. त्यास कोणीतरी बोलाविलेले असते, अटी घातलेल्या असतात, कामाची मोजमापे घेतलेली असतात आणि देयकावर सही केलेली असते. तेव्हा चांगला ठेकेदार मिळत नाही या तक्रारीचा खरा अर्थ, चांगला ठेकेदार ओळखण्याची कसोटी आपण वापरत नाही, असा आहे. ही कसोटी कोणती, हे शोधण्यास परदेशी जाण्याचे कारण नाही. ती याच शहरात, शिवाजीनगर आणि डेक्कन यांच्या दरम्यान, जमिनीवर पसरलेली आहे.

जंगली महाराज रस्त्याची हकीकत जुन्या पुणेकरांस तोंडपाठ आहे. नव्या पुणेकरांसाठी ती थोडक्यात सांगतो. १९७० नंतरच्या त्या वर्षांत पावसाने शहरातील रस्त्यांची दुर्दशा झाली होती. त्या वेळी महापालिकेच्या स्थायी समितीचे अध्यक्षपद श्रीकांत शिरोळे या तरुण नगरसेवकाकडे होते. त्यांनी पुढे वृत्तपत्रांस सांगितल्याप्रमाणे, पुण्याहून कितीतरी अधिक पाऊस झेलणाऱ्या मुंबईतील काही रस्ते मात्र शाबूत कसे राहतात, असा साधा प्रश्न त्यांना पडला. चौकशीअंती ते रस्ते करणारी ‘रेकॉन्डो’ नावाची, दोघा पारशी बंधूंची कंपनी असल्याचे समजले. त्यांनी तिला पुण्यास पाचारण केले. कंपनीने काम पत्करले आणि रस्त्यास दहा वर्षे खड्डा पडणार नाही, पडल्यास आपण तो स्वखर्चाने दुरुस्त करू, अशी लेखी हमी दिली. कामाचा खर्च सुमारे पंधरा लाख रुपये होता. १ जानेवारी १९७६ रोजी रस्ता तयार झाला. हमीची दहा वर्षे संपली, आणखी दहा गेली, त्यानंतरही दहा गेली. पाताळेश्वर, संभाजी उद्यान, बालगंधर्व रंगमंदिर यांच्यासमोरून जाणारा तो रस्ता जवळजवळ चार दशके खड्ड्यावाचून राहिला, असा त्याचा लौकिक आहे. अलीकडच्या वर्षांत त्याच्या पदपथांची फेररचना झाली आहे आणि आज पायांखाली येणारा प्रत्येक थर १९७६ चाच आहे, असा दावा आम्ही करीत नाही. परंतु एका पिढीने तो रस्ता टिकलेला पाहिला, ही गोष्ट कोणास नाकारता येणार नाही.

या कथेतून दोन चुकीचे निष्कर्ष काढण्यात येतात. पहिला निष्कर्ष असा की, त्या काळची माणसेच प्रामाणिक होती, आता कलियुग आले. हा निष्कर्ष सोयीस्कर आहे, कारण तो स्वीकारला की कोणासच काही करावे लागत नाही. त्याच काळी त्याच शहरात इतर रस्ते उखडलेलेच होते, म्हणून तर मुंबईकडे पाहावे लागले, हे या मंडळींच्या ध्यानात राहत नाही. दुसरा निष्कर्ष अधिक घातक आहे. हे काम निविदा न मागविता दिले गेले होते असे सांगतात. तेव्हा निविदांची कटकटच नको, अधिकारपदावरील जाणत्या माणसाने योग्य तो ठेकेदार शोधून आणावा, असे काही जण सुचवितात. एका सज्जनाच्या हाती हा अधिकार शोभून दिसला म्हणून तो सर्वांच्या हाती द्यावा, हे तर्कशास्त्र आम्हांस मान्य नाही. सार्वजनिक पैसा खर्च होताना स्पर्धा उघड्यावर झालीच पाहिजे. प्रश्न स्पर्धा असावी की नसावी हा नाही. ती कोणत्या गोष्टीची असावी, हा आहे. जंगली महाराज रस्त्याच्या वेळी ‘काम किती टिकवाल’ असा प्रश्न विचारला गेला. आज ‘किती कमी पैशांत कराल’ एवढाच विचारला जातो. ज्यास जो प्रश्न विचारावा, त्याचेच उत्तर तो देतो.

दहा वर्षांची हमी देणारा ठेकेदार काही जादूगार नसतो. आपल्या हाताखालचे काम त्यास ठाऊक असते, एवढेच. रस्त्याचा खरा शत्रू वाहनांचा भार नसून पाणी आहे. स्कॉटलंडच्या मॅकअॅडम या अभियंत्याने दोनशे वर्षांपूर्वी हेच सांगितले होते की, भार अखेर खालची जमीन पेलते आणि ती कोरडी राहिली तरच पेलते. वरच्या खडीचे काम तिच्यावर छत धरण्याचे. आपल्याकडे उत्तम काळा पाषाण मुबलक आहे, परंतु शहराच्या कित्येक भागांत खाली काळी माती आहे. ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाने आकसून भेगाळते. अशा जमिनीवर मुरूम व खडीचे थर नीट दाबून बसविले नाहीत, तर वर कितीही सुबक डांबर ओतले तरी ते आधी कळस मग पाया अशातले होते. मधला भाग किंचित उंच ठेवून दोन्ही कडांस साधारणतः चाळीस फुटांस एक फूट उतार द्यावा, कडेच्या गटारांची तोंडे मोकळी असावीत, म्हणजे पाणी रस्त्यावर ठाण मांडून बसत नाही. डांबरमिश्रित खडीच्या तापमानासही नियम आहेत. नेहमीच्या प्रतीच्या डांबराचा माल रस्त्यावर पसरताना किमान १४० अंश सेल्सिअस गरम असावा लागतो आणि तो ९० अंशांखाली निवण्यापूर्वी त्यावरील रोलरचे काम पुरे व्हावे लागते. वाहतुकीच्या कोंडीत दोन तास अडकून थंड झालेला माल पसरला की तो वरून काळाभोर दिसतो, पण दाबला जात नाही. त्याच्या पोटातील फटींतून पाणी शिरते, डांबर दगडास सोडते आणि एके सकाळी खडी मोकळी होऊन रस्त्याच्या कडेस साठलेली दिसते.

यातील बहुतेक गोष्टी काम झाल्यावर डोळ्यांस दिसत नाहीत. चोरीस वाव मिळतो तो येथेच. एक साधे गणित मांडून पाहावे. एक किलोमीटर लांब व दहा मीटर रुंद रस्त्यावर पन्नास मिलिमीटर जाडीचा थर घालावयाचा आहे, आणि प्रत्यक्षात घातला चाळीस मिलिमीटरचा. दहा मिलिमीटर म्हणजे करंगळीच्या रुंदीहूनही कमी. चालणाऱ्यास त्याचा पत्ता लागणार नाही. परंतु तेवढ्याने शंभर घनमीटर, म्हणजे सव्वादोनशे टनांहून अधिक माल वाचतो. वीस टनांचे अकरा-बारा ट्रक रस्त्यावर न येताच त्यांचे पैसे देयकात येऊ शकतात. रस्त्यास भोक पाडून काढलेला नमुना हातात घेऊन पट्टीने मोजला, तर ही चोरी पाच मिनिटांत उघडकीस येते. तसा नमुना ठेकेदारास ठाऊक नसलेल्या ठिकाणी, त्याच्याशी संबंध नसलेल्या माणसाने काढावा, एवढीच अट आहे. आपली उत्तरपत्रिका आपणच तपासण्याची मुभा कोणत्याही शाळेत नसते. रस्त्यांच्या बाबतीत ती का असावी?

आता निविदांच्या पद्धतीकडे वळू. कागदावर ती निर्दोष दिसते. दोन लिफाफे असतात. पहिल्यात ठेकेदाराची उलाढाल, यंत्रसामग्री आणि पूर्वी केलेल्या कामांचे दाखले; दुसऱ्यात दर. पहिल्या लिफाफ्यात जे उत्तीर्ण होतात त्यांच्यात ज्याचा दर सर्वांत कमी, त्यास काम मिळते. यातील उणीव पहिल्या लिफाफ्यात आहे. त्यात काम पूर्ण केल्याचा दाखला मागितला जातो. काम टिकल्याचा दाखला कोणी मागत नाही. पाच वर्षांपूर्वी केलेला रस्ता आज कोणत्या स्थितीत आहे, हमीच्या मुदतीत त्यावर किती वेळा ठिगळे लावावी लागली, ती ठेकेदाराने आपण होऊन लावली की नोटिसा धाडाव्या लागल्या, याची नोंद निवडीच्या वेळी टेबलावर असत नाही. परिणामी काम टिकविणारा आणि न टिकविणारा हे दोघे एकाच ओळीत उभे राहतात आणि त्या ओळीत न टिकविणारा नेहमीच स्वस्त पडतो.

दर किती स्वस्त असावा, यासही मर्यादा आहे. अभियंत्यांनी काढलेल्या अंदाजापेक्षा वीस-तीस टक्के खाली निविदा आली की बचत झाली म्हणून पाठ थोपटून घेतली जाते. आम्ही विचारतो, डांबराचा भाव सर्वांस सारखा, खडीचा सारखा, डिझेलचा सारखा. मग हा एवढा हिस्सा कोठून वाचला? एकतर मूळ अंदाज फुगविलेला होता, नाहीतर काम छाटले जाणार आहे. दोहोंपैकी काहीही खरे असले तरी अभिनंदनाचे कारण दिसत नाही. अंदाजाच्या फार खाली दर देणाऱ्याकडून जादा सुरक्षा ठेव घेण्याची तरतूद सरकारी कामांत आहे, आणि ती विवेकाची आहे. परंतु ठेव घेऊन ती मुदतीअखेर निमूटपणे परत करावयाची असेल, तर तिचा धाक कोणास वाटणार?

हमीचे शास्त्रही आज कागदावर आहेच. करारात दोषदायित्वाची मुदत लिहिलेली असते आणि त्या मुदतीत रस्ता बिघडल्यास ठेकेदाराने तो फुकट दुरुस्त करावयाचा असतो. २०२२ च्या पावसाळ्यात रस्त्यांची चाळण झाल्यावर महापालिकेने हमीच्या मुदतीतील रस्ते तपासून काही ठेकेदारांस दंड केला. ही कारवाई योग्यच होती. परंतु ओरड झाल्यावर तपासणी आणि तपासणीनंतर दंड, हा क्रम तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखा आहे. हमी म्हणजे फाइलमध्ये निजलेला कागद नव्हे. दर पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, कोणी मागणी करो वा न करो, त्या कागदास उठवून रस्त्यावर नेले पाहिजे.

न्याय दोन्ही बाजूंस असावा, म्हणून ठेकेदाराची बाजूही सांगितली पाहिजे. प्रामाणिक ठेकेदार महापालिकेच्या दारात का येत नाही? कारण त्याने वेळेवर काम केले तरी देयक वेळेवर मिळेल याची खात्री नसते. कारण सरळ चालणाऱ्या देयकालाही टेबलाटेबलावर वंगण लागते, हा समज समाजात रुजला आहे आणि तो खोटा पाडण्याची कोणास घाई दिसत नाही. सर्वांत मोठे कारण म्हणजे खोदाई. आज गुळगुळीत केलेला रस्ता उद्या पाण्याच्या नळासाठी, परवा सांडपाण्याच्या वाहिनीसाठी, तेरवा वीज, गॅस अथवा दूरध्वनीच्या तारेसाठी फोडला जातो आणि चर मातीने भरून त्यावर डांबराचे ठिगळ चिकटविले जाते. अशा रस्त्यास दहा वर्षांची हमी द्या, असे कोणत्या तोंडाने सांगावे? हमी ही दोन्ही हातांनी वाजणारी टाळी आहे. जो रस्ता फोडू देणार नाही असा शब्द महापालिका देते, त्याच रस्त्याच्या टिकाऊपणाचा शब्द तिला मागता येतो. भूमिगत कामे आधी, रस्ता नंतर, हा क्रम शाळकरी मुलासही समजतो. वेगवेगळ्या खात्यांचे अधिकारी एका टेबलाभोवती बसले तर त्यांसही समजेल.

येथे जंगली महाराज रस्त्याच्या हकीकतीचा उत्तरार्ध आठवतो. असे अजोड काम करून दाखविणाऱ्या त्या कंपनीस पुणे महापालिकेने पुन्हा दुसरे काम दिले नाही, असे सांगण्यात येते. या एका वाक्यात आपल्या नागरी कारभाराचे निदान आहे. जो रस्ता दरवर्षी फुटतो तो दरवर्षी करावा लागतो. दरवर्षी निविदा, दरवर्षी देयक, दरवर्षी उद्घाटनाचा नारळ. जो चाळीस वर्षे फुटत नाही तो नागरिकांखेरीज कोणाच्याच उपयोगी पडत नाही. टिकाऊपणा हा ज्या व्यवस्थेत गुण न ठरता अडचण ठरतो, तेथे विश्वासू ठेकेदार आपोआप दूर राहतो आणि मग तो मिळत नाही म्हणून आपण हळहळतो. जुन्या पेठांतून रस्ते सिमेंटचे करून हा प्रश्न सुटेल, असे मानणारेही आहेत. पण थरावर थर चढवून रस्ता उंच आणि घरांचे उंबरे खाली अशी स्थिती झाली, म्हणजे पावसाचे पाणी खड्ड्याऐवजी माजघरात साठते. साहित्य बदलल्याने निवडीचा दोष बदलत नाही.

हा उपदेश केवळ महापालिकेस करून आम्हांस थांबता येणार नाही. पुण्यातील हजारो गृहरचना संस्था दरवर्षी आपल्या आवारात फरसबंदी करून घेतात. एके काळी वाड्याच्या चौकात घडीव दगड किंवा शहाबादी फरशी असे. आता सिमेंटचे ठोकळे, म्हणजे पेव्हर ब्लॉक, बसविले जातात. महापालिकेचे सारे दोष या लहान कारभारांत हुबेहूब उमटलेले असतात. तीन दरपत्रके मागवून सर्वांत स्वस्त ते उचलले जाते, अथवा कार्यकारिणीतील कोणाच्या तरी ओळखीचा माणूस पुढे येतो. तीन दरपत्रकांत तीन वेगवेगळ्या जाडीचे ठोकळे आणि तीन वेगवेगळे पाये लिहिलेले असतात, याकडे लक्ष जात नाही. ठोकळ्यांस भारतीय मानक १५६५८ लागू आहे. नुसत्या चालण्याच्या वाटेस चालणारा पातळ ठोकळा मोटारी उभ्या करण्याच्या जागी घातला, तर तो पाण्याच्या टँकरच्या पहिल्याच फेरीत तडकतो. खाली दाबलेली खडी, तीवर वाळूचा अथवा कचेचा सारखा थर, कडेस घट्ट धार आणि पाणी वाहून जाईल असा उतार या चार गोष्टी दरपत्रकात शब्दांनी व आकड्यांनी लिहून घ्याव्यात. त्या लिहून देण्यास जो कचरतो त्यास नमस्कार करून निरोप द्यावा.

जमिनीखाली काय आहे हे पाहिल्यावाचून फरसबंदी करणे किती धोक्याचे, याचा धडा २० सप्टेंबर २०२४ रोजी बुधवार पेठेत सिटी पोस्टाच्या आवाराने दिला. ठोकळे बसविलेली जमीन अचानक खचली आणि महापालिकेचा एक ट्रक पाहता पाहता उभाच्या उभा खड्ड्यात गेला. तेथे पूर्वी विहीर होती, असे मागाहून सांगण्यात आले. चालक वेळीच बाहेर पडला हे सुदैव. जुन्या पुण्याच्या पोटात अशा किती विहिरी, आड आणि बुजविलेले हौद असतील! चांगला ठेकेदार काम घेण्यापूर्वी या गोष्टी विचारतो. आवारात एक फेरी मारून, फुटपट्टीही न लावता, तोंडी भाव सांगणारा मनुष्य स्वस्त असेल, परंतु तो ठेकेदार नव्हे. ब्रिटनमध्ये ‘शेजारच्या कामातून डांबर उरले आहे, अंगण स्वस्तात करून देतो’ असे सांगत दारोदार हिंडणाऱ्या टोळ्यांपासून तेथील ग्राहक संरक्षण खात्यांस नागरिकांना वारंवार सावध करावे लागते. फसविण्याची कला सर्वत्र सारखीच असते आणि तिला बळी पडणारी घाईही.

संस्थांच्या सभासदांस आमची सूचना साधी आहे. ठेकेदाराने गेल्या महिन्यात केलेले चकचकीत आवार पाहू नये; तीन पावसाळे झेललेले आवार पाहावे आणि शक्य तर ते भर पावसात जाऊन पाहावे. पाणी कोठे साचते, ठोकळे कोठे बसले, कडा कोठे सुटल्या, हे तेथील रखवालदारही सांगेल. सर्व रक्कम आगाऊ देऊ नये. कामाच्या टप्प्यांप्रमाणे द्यावी आणि काही भाग एक पावसाळा उलटेपर्यंत आपल्याकडे ठेवावा. हे ऐकून ज्याचा चेहरा पडत नाही, तो ठेकेदार विश्वासू समजावा. आपल्या कामावर ज्याचा विश्वास आहे त्यास आपले पैसे वर्षभर अडकल्याचे भय वाटत नाही. तथापि कबूल केलेला दिवस उजाडताच ती रक्कम बिनतक्रार देणे हे संस्थेचे कर्तव्य आहे. नाहीतर नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण ठेकेदारास आपल्यावर उलटविता येईल.

महापालिकेकडे आम्ही मागतो त्या गोष्टी याहून निराळ्या नाहीत. प्रत्येक रस्त्यावर काम करणाऱ्याचे नाव, काम पूर्ण झाल्याची तारीख आणि हमी संपण्याची तारीख लिहिलेली पाटी कायम असावी. काम चालू असताना उभी राहून काम संपताच नाहीशी होणारी नव्हे. प्रत्येक ठेकेदाराच्या मागील कामांची आजची स्थिती दरवर्षी प्रसिद्ध व्हावी आणि पुढील निविदेच्या पहिल्या लिफाफ्यात तिला गुण असावेत. रस्त्यातून काढलेल्या नमुन्यांची तपासणी त्रयस्थ संस्थेने करावी आणि तिचे निकाल कोणत्याही नागरिकास अर्ज न करता पाहता यावेत. हमीच्या मुदतीत रस्ता फोडण्यास परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याचे नावही त्याच पाटीवर यावे. रस्ते सुस्थितीत राखणे हे १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाने महापालिकेवर सोपविलेले बंधनकारक कर्तव्य आहे. ती कोणावर केलेली मेहेरबानी नव्हे. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर दीर्घकाळ शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. स्थायी समितीच नसल्याने नागरिकांस जाब विचारावयास आपला असा माणूस नव्हता. ज्यांच्याकडे स्थायी समितीच्या खुर्च्या येतील त्यांनी त्यांवर बसताना एवढे आठवावे की, अशाच एका खुर्चीवरून एका तरुण सभासदाने विचारलेल्या एका साध्या प्रश्नाने या शहरास एक रस्ता मिळाला.

पुण्याच्या रस्त्यांची लांबी आता चौदाशे किलोमीटरच्या घरात, आणि २०१७ व २०२१ मध्ये समाविष्ट झालेली गावे धरली तर त्याहूनही अधिक, आहे. त्यांतील अडीच किलोमीटरांचा एक तुकडा आपण अभिमानाने पाहुण्यांस दाखवितो. एखाद्या शाळेने पन्नास वर्षांत पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेला एकच विद्यार्थी मिरवावा, अशातला हा प्रकार आहे. त्या विद्यार्थ्याचे कौतुक पुष्कळ झाले. आता इतरांस त्याच परीक्षेस बसविण्याची वेळ आली आहे. निविदा जरूर काढाव्यात, स्पर्धा जरूर व्हावी. परंतु पहिला प्रश्न हाच विचारावा की, हा रस्ता किती वर्षे टिकेल आणि न टिकल्यास तुम्ही काय गमवाल? ज्याच्याकडे या प्रश्नाचे लेखी उत्तर आहे, ठेका त्यासच द्यावा.